वाकळेचा चौथा कोपरा

२१ मार्च २०२५, शुक्रवार. पालम.

आले एकदाची! नांदेडहून एसटीत बसले तेव्हा मांडीवर कुकर, पायाशी गादीची वळकटी आणि शेजारी एक आजोबा. लोहा येईपर्यंत त्यांनी तीनदा विचारलं, की बाई, तुमची बदली झाली का तुमाला घरातून हाकललं. मी म्हटलं, दोन्ही थोडं थोडं. इतके हसले की कंडक्टरनं मागं वळून पाहिलं.

काम तेच, पोस्टात काऊंटरला बसायचं. बारा वर्षं नांदेडला बसले, आता इथं बसेन. घर पोस्टाच्या मागच्याच गल्लीत मिळालंय, म्हणजे एक ते दोनच्या सुट्टीत घरी येऊन ताजी भाकरी खाता येईल. अर्पिताची चौथीची परीक्षा एप्रिलअखेर, तोवर ती आणि तिचा बाप तिकडं नांदेडात. परमेश्वररावांना वरणाला फोडणी घालता येते, एवढ्या भांडवलावर दोघं महिना काढणार आहेत.

घरमालकीण धुरपताबाई. साठीच्या असतील, पण आवाज खणखणीत. खाली त्यांची पिठाची गिरणी आहे आणि ती त्या स्वतः चालवतात, त्यामुळं भुवयांपर्यंत पांढऱ्या. मला विचारलं, की पोरी, गिरणीचा आवाज झेपंल का डोकं धरून बसशील. मी म्हटलं आवाज असलेलाच बरा, एकटी आहे. दुपारी एक ते तीन गिरणी बंद, तेव्हा त्या आडव्या होतात, तेवढ्या वेळात कुणी हाक मारली तर त्यांना लय राग येतो, हेही सांगून ठेवलं.

वर एक मोठी खोली, पुढं गच्ची. लोखंडी खाट, लोखंडी कपाट, आणि कपाटावर घडी घालून ठेवलेली एक जाडजूड वाकळ. धुरपताबाई म्हणाल्या, खोलीतलं समदं तुझं, तेवढी वाकळ सोडून. तिला हात लावायचा न्हाई.

आता वाकळ दाखवायची आणि हात लावू नको म्हणायचं, ते पण मला! अहो, मला गोधड्यांचा नाद आहे. कुणाच्या घरी गेले की चहाच्या आधी त्यांच्या गोधडीचे टाके बघते. ‘टाका-ठिगळ’ म्हणून हौशी लोकांचा एक मंच आहे इंटरनेटवर, तिथं फोटो टाकते. आजवर त्रेसष्ट पोस्टी झाल्या. उत्तरं अकरा. त्यातली चार मंचाच्या ‘स्वागत आहे’ची आणि दोन ‘गोधडीप्रेमी’ नावाच्या माणसाची, जो परमेश्वरराव निघाला.

३० मार्च, रविवार. पाडवा.

धुरपताबाईंनी पुरणपोळीचं ताट वर आणून दिलं. गोड वाटलं आणि रडूही आलं. सणाला पोर जवळ नाही.

सकाळी मंचावर आजीच्या गोधडीचा फोटो टाकला. रंग बघा, टाके बघा, काय देखणी आहे! दुपारपर्यंत उत्तर शून्य. संध्याकाळपर्यंत शून्य. आणि ती संगमनेरची रोहिणी, तिनं कढई धरायच्या फडक्याचा फोटो टाकला. फडक्याचा! त्याला एकशे चाळीस उत्तरं. मी काही जळकुटी बाई नाही, पण फडकं ते फडकं.

खरं लिहायचं तर एकटेपणानं जीव उबगला आहे. काऊंटरला दिवसभर माणसं येतात, पण ती खिडकीशी बोलतात, माझ्याशी नाही. घरी आलं की भिंती. कुणीतरी, कुणीही, आपण मांडलेल्या गोष्टीला काहीतरी म्हणावं, एवढंच वाटतं.

मंच चालवणाऱ्यांनीच एक लेख टाकलाय, उत्तरं जास्त कशी मिळवावीत म्हणून. दोनदा वाचला. फोटो जवळून काढा. पोस्टीच्या शेवटी प्रश्न विचारा. सगळं सांगून टाकू नका, काहीतरी अर्धवट सोडा, अर्धवट गोष्ट पुरी करायला लोक धावतात. आणि सगळ्यात मोठं म्हणजे आलेल्या प्रत्येक उत्तराला उत्तर द्या, नुसतं ‘धन्यवाद ताई’ का असेना, पण त्याच दिवशी. एकाही माणसाला रिकाम्या हातानं पाठवायचं नाही.

बघूच आता.

६ एप्रिल, रविवार.

आज धुरपताबाईंना वाकळेची गोष्ट विचारलीच. दळण घालता घालता त्यांनी सांगितली.

वाकळ त्यांच्या सासूची, छबूबाईंची. घरात कुणी गेलं की त्याच्या अंगावरचं एक कापड वाकळेत घालायचं अशी त्यांची रीत होती. वाकळ शिवून झाली की शेवटच्या कोपऱ्यात भाकरीचा घास घालून तोंड शिवायचं, हे तर आमच्या आजीकडंही होतं. जी जन्मभर दुसऱ्याला ऊब देणार ती उपाशी नको, म्हणून. पण ह्यांच्या घरात त्याला आणखी एक नेम आहे. घास घालणाऱ्या बाईनं एकटीनं बसायचं, एका बैठकीत तोंड बंद करायचं, आणि तोवर कुणी हाक मारली तरी ओ द्यायची नाही. उघड्या तोंडाच्या वाकळेजवळ दिलेली ओ हाक मारणाऱ्याला पोचत नाही, वाकळेला पोचते.

चाळीस वर्षांमागं वैशाखात, भर दुपारी छबूबाई घास घालायला बसल्या. तेव्हा इथं माळवद होतं, आता स्लॅब आहे, पण जागा हीच, माझी खोली. खालून कुणीतरी हाक मारली. त्या ओ, आले म्हणाल्या. धुरपताबाई अंगणात सांडगे घालत होत्या, त्यांनी ओ ऐकली, हाक काही ऐकली नाही. वर जाऊन पाहिलं तर सासू बसल्या जागी, हातात सुई, आणि बाहेर दगड तापलेले असताना अंग थंडगार. तेव्हापासून तो कोपरा कुणी शिवला नाही, पिन लावून ठेवलाय. वाकळ एकदा खाली नेली तर धुरपताबाईंना आठ दिवस हुडहुडी भरली होती, म्हणून पुन्हा वर नेऊन ठेवली. टाकून कशी द्यायची, घरातली गेलेली माणसं आहेत तिच्यात. तिला कुणी छेडलं नाही तर ती बी कुणाला छेडत न्हाई, म्हणाल्या. आधीचे मास्तर दोन वर्षं राहिले, शिंकसुद्धा आली नाही.

त्या राममंदिरात गेल्यावर मी वाकळ खाली काढली. आधी हात धुतले, उगाच पाप नको. तीन कोपरे लाल दोऱ्यानं बंद. चौथ्याला ही एवढी सेफ्टी पिन, गंजलेली. पिन काढली नाही. अगदी जवळून फोटो काढला, आणि खाली एवढंच लिहिलं, की हा चौथा कोपरा का उघडा राहिला असेल? ओळखा पाहू.

चार उत्तरं! चार! सगळ्यांना धन्यवाद लिहिले.

८ एप्रिल, मंगळवार.

एकतीस झाली. जेवायच्या सुट्टीत भाकरी एका हातात आणि फोन एका हातात. ‘वाकळवाली’ नावाची कुणी नवी बाई आली आहे मंचावर, तिनं लिहिलं, की ताई, पिन कशाला दाखवता, पिन काढा, आतला थर दाखवा. त्याखाली बाकीच्यांनी घोशाच लावला, दाखवा, दाखवा.

धुरपताबाई दाताच्या डॉक्टरकडं गंगाखेडला गेल्या होत्या. काढली पिन. आत हिरवं खणाचं कापड, रंग अजून ताजा. आणि एक गंमत. बाहेर एक्केचाळीस डिग्री, माझा कूलर नुसता गरम वारा फेकतो, पण त्या फटीतून गार हवा येत होती, माठाच्या तोंडाशी येते तशी. हात तिथंच ठेवून बसावंसं वाटलं.

फोटोला चौऱ्याहत्तर उत्तरं. परमेश्वररावांना फोन करून आकडा सांगितला. ते म्हणाले, आता पगार बंद करून मंचावरच बस. त्यांना काय कळतंय! मी आज कुणीतरी आहे असं वाटलं.

पिन परत लावायची राहिली. गंजून मोडलीच ती.

१३ एप्रिल, रविवार.

वाकळवाली मोठी जाणकार दिसते. म्हणते, हिरवा खण सासूचा आहे, त्याखाली पांढऱ्या धोतराचा तुकडा असेल, तो दिराचा, आणि त्याखाली जांभळं, ते नणंदेचं, जी विहिरीत गेली.

मी टाके उसवत खाली पाहिलं. पांढरं. मग जांभळं.

संध्याकाळी सहज म्हणून धुरपताबाईंना विचारलं, की तुमच्या घरात कुणी विहिरीत गेलं होतं का. त्यांनी गिरणी बंद केली. असं दळण अर्ध्यात सोडताना त्यांना मी कधी पाहिलं नाही. म्हणाल्या, हे तुला कुणी सांगितलं, ही गोष्ट आता माझ्याबिगर कुणालाच ठाव न्हाई. मी म्हटलं, पोस्टात कुणीतरी बोलत होतं. खोटं बोलले. त्यांनी वाकळेचं विचारलं, तर म्हटलं आहे तशीच आहे. हेही खोटंच.

पण उत्तरं दोनशेबारा झाली आहेत. बोटं दुखेपर्यंत सगळ्यांना लिहिलं. रोहिणीनंसुद्धा लिहिलं, ‘ताई, कमाल.’ फडकेवाल्या बाई, आता कळलं का!

२० एप्रिल, रविवार.

एक गोष्ट ध्यानात आली. उत्तरं फक्त दुपारी एक ते तीनमध्ये येतात. गिरणी थांबली की सुरू, गिरणी लागली की बंद. म्हटलं लोकांना तेव्हाच सवड होत असेल.

दुसरी गोष्ट. आज उगाच एकेकाची माहिती उघडून पाहिली. रोहिणी आणि दोनचार जुन्या बायका सोडल्या तर बाकी सगळी मंचावर एकाच दिवशी आली आहेत, आठ एप्रिलला. मी पिन काढली त्या दिवशी.

योगायोग असेल. मंचाची जाहिरात वगैरे झाली असेल. वाकळ आता खाटेवरच असते, तिच्याजवळ बसलं की उकडत नाही.

२७ एप्रिल, रविवार.

अपू आली! परीक्षा संपली, बाप सोडून गेला. येताना सेलूच्या मावशीनं दिलेली कैरी, दोन चेंडू आणि अखंड बडबड घेऊन आली. धुरपताबाईंची आणि तिची पाच मिनिटांत गट्टी झाली. आजी आजी करत गिरणीत पीठ होऊन आली, तिला ओळखेना कुणी.

दुपारी जेवून वाकळेवर पडली ती दोन तास गाढ झोपली. उठल्यावर म्हणाली, की आई, ह्याच्यात आतून गार लागतं, आणि कुणीतरी माझं नाव विचारत होतं. मी म्हटलं, मग सांगितलंस का. म्हणाली, हो, विचारल्यावर सांगायला नको का. मीच शिकवलंय तिला तसं.

स्वप्न असेल. तरी उद्यापासून तिला चटईवर झोपवते.

२ मे, शुक्रवार.

वाकळवालीनं लिहिलं, शेवटचा थर बघितला का?

दुपारी अपू खाली आजीकडं असताना बघितला. जांभळ्याच्या खाली पिवळं कापड. त्यावर छोटी छोटी बदकं. जुनं वाटेना. मी आपला फोटो काढला, ‘हा थर कुणाचा असेल बरं?’ लिहिलं आणि टाकला. टाकल्यावर मग नीट पाहिलं.

ते झबलं अपूचं आहे. सहा महिन्यांची असताना मीच शिवलेलं. बाहीला माझा वाकडा टाका. ते नांदेडला आहे, आईच्या ट्रंकेत, डांबरगोळ्या घालून ठेवलेलं. परमेश्वररावांना फोन करून ट्रंक उघडायला लावली. नाही म्हणाले, इथं झबलं नाही.

ते आतमध्ये लाल दोऱ्यानं टाचलं आहे. जुन्या दोऱ्यानं. बारीक, एकसारखे टाके.

पोस्टीखाली चारशेबारा उत्तरं. वेगवेगळी नावं, पण एकच ओळ. ‘जी आता आली तिचा.’

मी कुणालाही काही लिहिलं नाही. आज पहिल्यांदाच. एकालाही नाही.

३ मे, शनिवार.

रोहिणीचा खासगी निरोप आला. तो इथं उतरवून ठेवते, म्हणजे मला वेड लागलं असं उद्या मलाच वाटायला नको.

तिनं लिहिलं, की ताई, राग मानू नका, महिनाभर विचारीन म्हणतेय. तुमच्या वाकळेच्या पोस्टीखाली मला आम्हा चारपाच जणींचीच उत्तरं दिसतात. त्याखाली तुमचेच शेकड्यांनी धन्यवाद आहेत. एवढे धन्यवाद तुम्ही कुणाला देताय?

मंच उघडून माझेच धन्यवाद मोजत गेले.

चारशे नाही, सातआठशे वेळा. महिनाभर, भर दुपारी, त्या उघड्या कोपऱ्याशेजारी बसून मी —

४ मे, रविवार.

अपूला थंडी वाजते.

बाहेर त्रेचाळीस आहे. चप्पल गच्चीला चिकटते. आणि पोर दात वाजवत बसली आहे. दोन चादरी, माझी शाल, तरी नाही. थर्मामीटर पंच्याण्णवच्या वर जात नाही. इथल्या डॉक्टरांनी दोनदा झटकून पाहिलं, मग नवं आणलं. तेही पंच्याण्णव. म्हणाले, मोठ्या दवाखान्यात न्या.

वाकळ कपाटावर परत ठेवली. कोपरा दाभणानं शिवायला गेले तर दोरा तुटला. तीनदा.

६ मे, मंगळवार.

परमेश्वरराव येऊन तिला नांदेडला घेऊन गेले. मला वाटलं इथून हलली की बरी होईल. तिथंही तेच. रक्त तपासलं, लघवी तपासली, छातीचा फोटो काढला. काही नाही. चौऱ्याण्णव.

सगळी पोस्ट काढून टाकली मंचावरून. दुपारी एकला परत तिथंच होती. नवीन उत्तरं सहाशे.

माझंच पाप आहे हे. पोरीचा बाप मला फोनवर धीर देतो आणि मला त्याला खरं सांगता येत नाही. काय सांगू? लोकांनी वाहवा करावी म्हणून मी —

७ मे, बुधवार.

धुरपताबाईंचे पाय धरले. सगळं सांगितलं. पिन, थर, झबलं, सगळं.

त्या ओरडतील असं वाटलं होतं. ओरडल्या नाहीत. पिठाच्या हातानं कपाळ धरून खाली बसल्या आणि म्हणाल्या, की तुझी पोर माझ्या मांडीवर बसून शेंगा खायची गं, काय केलंस हे.

मग म्हणाल्या, किती ओ दिल्यास तिला. मी म्हटलं, आई, मी तोंडातून चकार शब्द काढला नाही, नुसतं फोनवर लिहिलं. त्यांनी माझा फोन जमिनीवर पालथा ठेवला, मग उपाय सांगितला.

उपाय एकच. जिनं तोंड उघडलं तिनंच मिटवायचं. आधी पोरीचं कापड टाका टाका उसवून बाहेर काढायचं, फाडायचं नाही, एकही टाका आत राहता कामा नये. मग दुसऱ्या बैठकीत भाकरीचा घास घालून कोपरा शिवायचा. दोन्ही दुपारीच, तोंड उघडं राहिलं त्या वेळेलाच. दोऱ्याला गिरणीचं पीठ चोळून घ्यायचं. आणि कोपरा मिटंपर्यंत ओ द्यायची न्हाई. कुणालाच न्हाई. मी जरी हाक मारली तरी न्हाई, म्हणाल्या, कारण मी मारणारच न्हाई.

१० मे, शनिवार.

झालं! निम्मं झालं!

रजा टाकली. एकला बसले, तीनला पाच मिनिटं असताना शेवटचा टाका निघाला. दोनशे चार टाके. बोटं बधिर झाली गारठ्यानं, नखं निळी पडली. उसवताना दोनदा आतून कापड ओढल्यासारखं झालं, मी सोडलं नाही. झबलं आता माझ्या छातीशी, ब्लाऊजच्या आत आहे.

चारला परमेश्वररावांचा फोन. अपू उठून बसली. अठ्ठ्याण्णव. कुल्फी मागते आहे. ते रडत होते, मी रडत होते, मागून अपू विचारत होती की दोघं का रडताय.

ती ऐकेना, उद्याच आईकडं जायचं म्हणते. मी सांगितलं, संध्याकाळच्या बसनं या, त्याआधी नाही, माझी शपथ आहे. ते म्हणाले बरं. पण पोर हट्टी आहे आणि तिच्यापुढं तिचा बाप म्हणजे लोणी.

फोन धुरपताबाईंना देण्याआधी शेवटचं एकदा उघडला. मेलं, सवय! वाकळवालीची एकच ओळ होती.

‘काढलंत. बरं केलंत. जागा रिकामी आहे.’

११ मे, रविवार. दुपारी एक.

दार आतून लावलंय. फोन खाली ज्वारीच्या डब्यात. धुरपताबाई जिन्याच्या पायरीवर बसल्यात, कुणाला वर येऊ देणार नाहीत. गिरणी बंद. भाकरीचा घास ठेवलाय, दोऱ्याला पीठ लावलंय.

तोंड उघडायचं नाही म्हणून हे लिहिते आहे. थोडं शिवायचं, एक ओळ लिहायची. हात गुंतला की जीभ गप्प बसते.

घास आत घातला. हात मनगटापर्यंत गेला. तळ लागला नाही.

सव्वाएक. सहा टाके झाले. आज दोरा तुटत नाही. अजून बारा पुरे.

हाक आली. सत्यशीला, म्हणून, माझ्याच नावानं. पोस्टातल्या साहेबांचा आवाज. रविवारी? गप्प.

नऊ.

आता परमेश्वरराव. सत्या, अगं सत्या. गोड आवाजात. लग्नानंतर पहिल्या वर्षी मारायचे तशी. ओठ दातांत धरलेत.

बारा. मेल्या मनात अजूनही येतं, आज किती उत्तरं झाली असतील. नाही. नाही.

तेरा.

आईची हाक. आई जाऊन सहा वर्षं झाली — रडते आहे पण आवाज काढत नाही —

पंधरा.

बराच वेळ कुणी नाही. संपलं वाटतं. सोळा. दोनच राहिले.

पावलं. गच्चीवर. धावत. चपला नाहीत.

आई, म्हणते. आई आम्ही आलो. बाबा खाली पाणी पितायत. दार उघड.

नाही. ती संध्याकाळी येणार आहे. ही ती नाही —

दार वाजवते आहे. आपल्या घरी वाजवते तसंच, दोन आणि एक. म्हणते, पाय भाजतायत गं. म्हणते, आजी पायरीवर नाही, आई तू आहेस का आत? तू का बोलत नाहीस?

दाराखालच्या फटीत उजेड आहे. मधे दोन छोटी पावलं. एकावर एक ठेवते आहे. चटके बसतात तेव्हा ती तशीच —

खरंच आली असेल तर. हट्टानं लवकरच्या बसनं. त्रेचाळीस डिग्रीत, कालच बरी झालेली —

रडते आहे. विचारते, आई तू मेलीस का.

बोलणार नाही. बोलायचं नाही म्हणाल्या होत्या. बोलणार नाहीच. पण पोरीला नुसतं कळलं पाहिजे की मी आहे, एवढंच, म्हणजे ती सावलीत जाऊन थांबेल. लिहून देते. हेच पान फाडून दाराखालून सरकवते, आणि मग दोन टाके —

अपू बाळा, रडू नको, मी आतच आहे. ओ. आले हं. दोनच टाके राहि